कागदावरची भाची

मंजुषाचे मोहफुलांचे लाडू चांगले होतात यावर गडचिरोलीत कुणाचा वाद नव्हता. गुणवंतरावांच्या मागच्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहायची आणि तिथंच लाडू वळायची. नागपूरच्या एका दुकानदारानं ते फळीवर ठेवायचं कबूल केलं, पण एक अट घातली. सोमवारपर्यंत अन्न नोंदणीच्या अर्जाची पावती पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला देतो.

शुक्रवारी ती ऑनलाइन केंद्रात गेली. केंद्र चालवणारा धनराज स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "घर सोताचं का किरायाचं?"

"किरायाचं. पण लाडू माह्या हातचे हायेत."

"सरकारले हात नाई, पत्ता लागते, ताई. किरायानामा आणा अन् घरमालकाचं लाईटबिल."

गुणवंतराव माणूस वाईट नव्हते. चार वर्षांत त्यांनी कधी पाणी तोडलं नाही, आणि भाड्याची पाच तारीखही कधी विसरले नाहीत. फक्त सही म्हटली की त्यांच्या हाताला मुंग्या यायच्या. मंजुषाचं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी तुले किरायदार म्हणून लिहून देऊच शकत नाई."

"काऊन भाऊ?"

"कारण तू किरायदार नाईस."

"मंग मी कोण हाओ?"

गुणवंतरावांनी अंगणातल्या सीताफळाकडे पाहिलं. "नगरपालिकेचा मानूस घरं मोजाले आला होता. मागं कोण राह्यते म्हणे. किरायदार म्हटलं असतं तं टॅक्स वाढला असता. मी म्हटलं, भाची राह्यते. त्यानं लिहून घेतलं."

मंजुषाचं माहेर मुलचेऱ्याकडचं. या घरात तिच्या आईचा भाऊ असल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

शनिवारी ती परत धनराजपुढे उभी. "भाची असली तं?"

"मंग तं सोपं हाय. मामानं संमतीपत्र लिहावं, माह्या घरी भाचीले धंदा करू देतो म्हणून. किरायानामा नको."

"पण मी भाची नाई."

"मंग किरायानामा आणा."

"तो भेटत नाई. मी किरायदारच नाई, असं घरमालक म्हणते."

धनराजनं पहिल्यांदा स्क्रीनवरून मान वर केली. "ताई, तुम्ही राह्यता तरी कुठी?"

रात्रभर मंजुषा कधी भाची झाली, कधी भाडेकरू. रविवारी सकाळी तिनं गुणवंतरावांना सरळ सांगितलं, "भाऊ, मले काहीही करा, पण एक करा."

गुणवंतराव खुशीत आले. भाची लिहिली की नगरपालिकेतलं खरं ठरतं, टॅक्स वाचतो, आणि पोरीचंही काम होतं. त्यांनी कोरा कागद घेतला, 'माझी भाची' इथपर्यंत लिहिलं. तेवढ्यात त्यांची बायको अंजनाबाई सूप हातात घेऊनच बाहेर आली.

"लिहा, लिहा. अन् पाच तारखेले भाचीच्या हातून किराया घ्याल का?"

पेन थांबलं. इकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तिच्या हातात चार पैसे ठेवतो, तिच्याकडून घेत नाही.

"कागदापुरती हाय ना ते," गुणवंतराव म्हणाले.

"सही तं तुमचीच ना?"

गुणवंतरावांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. टॅक्स वर्षातून एकदा, भाडं वर्षातून बारा वेळा. या हिशेबाला त्यांना फार वेळ लागला नाही. कागद फाटला, दुसरा आला. त्यावर स्वच्छ अक्षरात 'माझी भाडेकरू' पडलं, आणि किरायानाम्याचा खर्च तिनं करावा असंही तोंडी ठरलं.

सोमवारी दुपारी पावती निघाली, नागपूरला गेली. दुकानदाराचं उत्तर आलं: पन्नास पाकिटं पाठवा.

मंजुषा घरी येऊन गुणवंतरावांच्या पाया पडायला वाकली. ते खुर्चीसकट मागं सरकले.

"अरे अरे! नगरपालिकेत तू अजून भाचीच हायेस. भाचीनं पाया पडू नये!"

ती तशीच अर्धी वाकून राहिली. वर यावं की खाली जावं, कळेना.

"भाऊ, मंग किराया..."

"तो पाच तारखेलेच देजो," गुणवंतराव म्हणाले, आणि हात जोडून तिच्या पायांकडे वाकले.