जिंकू दिलेला डाव

काच कारखान्याच्या क्लबात सगळेजण बुद्धिबळाचा हा डाव बरोबरीत सुटला असं धरूनच चालले होते. पटावर राजाखेरीज दोघांकडे एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी, बस्स. संघाच्या यादीत पहिल्या पटापुढे, म्हणजे सर्वांत मानाच्या जागी, फोरमनचं नाव लिहायला सेक्रेटरीने पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. फोरमन म्हणजे पटापलीकडे बसलेले तिचे बाबा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. बरोबरी झाली तर पहिला पट त्यांचा. तिला तो हवा असेल तर जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"घे बरोबरी, पोरी," बाबा म्हणाले. "यात आता काय ठेवलंय?"

आजवर ती मुकाट्याने घेत आली होती. सहाव्या वर्षी घोडा कसा चालतो ते त्यांनीच शिकवलं, आणि तिचा डाव जरा वरचढ झाला की बरोबरीसाठी त्यांचा हात पुढे यायचा. शहाणी लेक तो हातात घ्यायची. अठ्ठावीस वर्षं चाललेल्या या शहाणपणाचा तिला आता वीट आला होता.

"खेळू या की," ती म्हणाली.

कारखान्यात तिचं काम बरण्या तपासण्याचं. बरणी उजेडापुढे फिरवायची आणि केसाएवढा तडा शोधायचा. बाबांच्या डावात तसा एक होता. डावीकडचं एक प्यादं एकटं पडलं होतं, शेजारी आधाराला कुणी नाही. तिने हत्ती त्याच्यावर रोखला, बाबांनी आपला हत्ती त्याच्या पाठीशी लावला आणि तो तिथंच अडकला. एवढ्याने डाव जिंकता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून ती राजा नुसता इकडून तिकडे करत राहिली.

वाट बघत होती ती बाबांच्या हातांची. जन्मभर लोकांना "हात चालवा" म्हणून ओरडलेला हा माणूस, रिकामं बसणं त्याला कधी जमलंच नाही. बाबांनीही राजा हलवत वेळ काढला असता तरी डाव वाचला असता. नवव्या खेळीला त्यांनी उजव्या काठाचं प्यादं उगाचच एक घर पुढे सरकवलं. शेजारचं घर उघडं पडलं. आता तडे दोन झाले. ती राजा डावीकडे न्यायची, बाबांचा राजा मागोमाग धावायचा. मग ती अचानक उजवीकडे वळली आणि ते एका पावलाने मागे पडले. तेवढं पुरलं.

बाबांनी राजा आडवा केला, आणि मग जमलेल्या लोकांकडे वळून मोठ्यांदा हसले.

"लेकीला कधीतरी जिंकू द्यावं लागतं हो!"

"मोठं मन आहे तुमचं, फोरमनसाहेब!" सेक्रेटरीने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि यादीत तिचं नाव लिहिलं. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"जिंकू दिलंत?" तिने ते काठाचं प्यादं मागच्या घरात ठेवलं, सगळा डाव पुन्हा मांडला. "मग आता वाचवून दाखवा."

"अगं, चेष्टेत बोललो मी."

"खेळा, बाबा."

या वेळी त्यांनी काठाचं प्यादं राखलं, पण त्याच्या शेजारचं सरकवलं आणि हरले. तिने पुन्हा मांडला. लोक आधी हसले, मग खाकरले, मग एकेक करून चपला शोधू लागले. सेक्रेटरी म्हणाला, "पुरे की आता, वडील आहेत ते." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा बाबांनी घाम पुसत बारा खेळ्या दम धरला. तेराव्याला त्यांचा हात प्याद्याकडे गेलाच.

"आता झालं समाधान?" त्यांनी विचारलं. आवाज पार बसला होता.

तिने मान वर केली. खुर्च्या रिकाम्या होत्या. खरं काय ते ज्यांना दाखवायचं होतं, ते सगळे निघून गेले होते. मागे राहिलेल्या एकट्या माणसाला ते पहिल्यापासून माहीत होतं.