सातचा फोन

फोन वाजला तशी ऑक्टाव्हियानने पेन्सिल खाली ठेवली. सात वाजले होते. पुलांचे नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत त्याच्याखेरीज कुणी उरले नव्हते, आणि फोन कुणाचा हे त्याला ठाऊक होते.

"निघालास का?" बाईचा आवाज.

"निघतोच आहे," तो म्हणाला. पलीकडून फोन ठेवला गेला.

आज नववा दिवस. हे टेबल, ही खुर्ची, हा फोन, सारे त्राइयानचे. ईस्टरच्या आधल्या आठवड्यात अर्ध्या काढलेल्या नकाशावर डोके टेकून तो इथेच गेला. झाडूवालीला वाटले, डोळा लागलाय. महिन्याभराने साहेबांनी ऑक्टाव्हियानला त्याच्या जागी बसवले. पहिल्याच संध्याकाळी त्राइयानच्या बायकोचा, लिओन्तिनाबाईंचा फोन आला. तुमचा नवरा आता नाही, हे त्यांना सांगायला त्याची जीभ उचलेना; निघतोच आहे, एवढेच तो म्हणाला. दुःखाने बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, असे त्याने धरले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मग सहा वाजल्यापासूनच तो फोनकडे बघू लागला. घरी त्याने यातले काही सांगितले नाही. सांगणार कधी? तो पोचायचा तोवर त्याची बायको इलिंका त्याचे जेवण झाकून ठेवून निजलेली असे.

दहाव्या दिवशी मात्र त्याला राहवेना. साडेपाचलाच टेबल आवरून तो थेट बाईंच्या घरी गेला.

त्यांनी दार उघडले. आतून शेपू घातलेल्या सूपचा वास आला. टेबलावर एकच बशी मांडली होती.

"लिओन्तिनाबाई," तो चाचरला, "त्राइयान आता..."

"मेला. शवपेटीत त्याचा टाय मीच नीट केला."

आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"मग फोन?"

"एकतीस वर्षं रोज सातला विचारत आले. निघतोच आहे, म्हणायचा." त्यांनी एप्रनला हात पुसले. "आता त्या वेळी तिथं कुणी बसतं का, एवढंच बघायला पहिल्यांदा केला. तू उचललास. आणि तेच म्हणालास, शब्दन् शब्द. म्हणून रोज करत राहिले."

ऑक्टाव्हियान जिन्याकडे वळला, तेवढ्यात त्यांनी विचारले,

"घरी कोण असतं तुझ्या?"

"बायको. आणि मुलगी, सात वर्षांची."

"मग माझ्या दारात काय करतोयस?" त्या म्हणाल्या, आणि दार हळूच लोटून घेतले.

तो घरी पोचला तेव्हा समोरच्या टेकडीवर अजून ऊन होते. किल्ली काढायच्या आधीच इलिंकाने दार उघडले. बाहेर कुणीतरी आल्याची चाहूल तिला लागली असावी. त्याला पाहून तिचा चेहरा उतरला.

"इतक्या लवकर? कोण गेलं?" तिने हलक्या आवाजात विचारले.

आत टेबलाशी त्यांची मुलगी स्मरांदा चमचा तोंडात तसाच धरून, पाहुण्याकडे बघावे तशी त्याच्याकडे बघत होती.

"कुणी नाही," ऑक्टाव्हियान म्हणाला.

पण इलिंका बाजूला सरली नाही. त्याच्या खांद्यावरून ती मागे, रिकाम्या जिन्यात बघत राहिली.