झाकणाखालचा बुडबुडा

हो, बुडबुडाच बोलतोय मी. हसून घ्या आधी. त्यातही खऱ्या पाण्यातला नव्हे, समुद्रकाठच्या स्प्लिट शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या संगणकातला. जहाजाचा पंखा गरगर फिरला की पात्यामागे पाण्याचा दाब घसरतो आणि थंड पाण्याचीसुद्धा वाफ होते. तसल्या वाफेचा, नुसत्या आकड्यांनी बनलेला मी.

तिथल्या इंजिनियर यागोदाने मला जन्माला घातलं, तेही पुन्हा पुन्हा. ती कळ दाबायची, मी काशाच्या पात्यालगत टम्म फुगायचो आणि मग चहूबाजूंनी पाणी मला चेपू लागायचं. पात्याकडची बाजू तग धरायची, पाठ मात्र आत दबायची. पाण्याची एक सुई माझ्या पोटातून आरपार पात्याकडे निघायची आणि तेवढ्यात संगणक बंद पडायचा! माझा शेवट मला कधी दिसलाच नाही.

यागोदा रडकुंडीला आली होती. बेटावर जाणाऱ्या दोन बोटींसाठी नवे पंखे व्हायचे होते आणि ते टिकतील का, हे मला बघून ठरणार होतं.

"अगं, किती मनाला लावून घेशील?" तिचे वरिष्ठ तोन्ची कॉफी घेऊन आले. त्यांचा एक कप दुपारपर्यंत पुरायचा. "दाब फार चढला की तिथेच अडवायचा. झाकण घाल! आम्ही सगळे तेच करतो. पोमालो, पोरी, पोमालो." जरा दमाने घ्या, असं सांगणारं हे पालुपद त्या किनाऱ्यावर सगळ्यांच्याच तोंडी.

"पण सर, तो दाब खरा असला तर?"

"बुडबुड्याने कधी काशाचं पातं फोडलंय का गं?"

मलाही ते पटलं. साबणाच्या फुग्याचा मी भाऊबंद, माझ्या हातून काय होणार! झाकण बसलं. मी गुपचूप विरू लागलो, पडद्यावरचं पातं बिनधोक निळंशार राहिलं, सगळे खूश. पंखे ओतले गेले, बोटी सुटल्या.

हिवाळ्यात एका सकाळी यागोदाचा बाप शिमे आला. बोटीच्या इंजिनावर काम करणारा हा हसरा माणूस नेहमी सुके अंजीर घेऊन यायचा. त्या दिवशी त्याने फडक्यात गुंडाळलेलं पात्याचं तुटकं टोक टेबलावर ठेवलं.

"भर वाऱ्यात तुटलं बघ. खडकावर आपटता आपटता वाचलो. पोरंबाळं किंचाळत होती गं." त्याने टोक उलटं केलं. सगळीकडे नुसती भोकं! "उंदरांनी कुरतडल्यासारखं झालंय. समुद्रात असले दात कुणाला?"

यागोदाचा चेहरा पांढराफटक पडला. ती हळूहळू वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी? हे मी केलं?

"ओतकामात खोट असेल," तोन्ची पुटपुटले.

"असेल. मला आता दुसऱ्या बोटीवर टाकलंय. पंखा तसाच आहे. दुपारी निघतोय."

"बाबा, थांब! जाऊ नकोस!"

तिने झाकण काढलं, गणितातल्या काळाचे आणखी बारीक तुकडे पाडले आणि कळ दाबली. तोन्चींची कॉफी गार होईपर्यंत संगणक न थांबता आकडेमोड करत राहिला. मग सुई पात्यावर आदळली. माझ्या चिंधड्या उडाल्या आणि पातं लालभडक झालं. केवढा तो दाब! मी एकटा एवढं करतो, आणि खऱ्या पात्यामागे तर माझ्यासारख्यांची झुंबड असते. माझीच मला भीती वाटली.

तोन्चींनी स्वतःच बंदरावर फोन लावला. "बोट सोडू नका. चूक माझी आहे. शिव्या नंतर घाला, आधी दोर बांधा!"

शिमेने पडद्यावर माझ्यावर बोट ठेवलं. "एवढासा हा?"

ती दुसरी बोट अजून बंदरात बांधलेली आहे. नवा पंखा ठरेपर्यंत मी रोज जन्मतो, रोज फुटतो, आणि सुई निघाली की अजून हादरतो. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. संगणक मध्येच बंद पडला तर झाकण शोधायला धावू नका. यागोदाचा संगणक बंद पडायचा, त्या प्रत्येक वेळी मी ओरडत होतो.