साडूंसाठी मशीन

गाडी थांबली आणि सर जागे झाले. हँडब्रेक ओढल्याचा आवाज कानावर आला, म्हणजे निदान तेवढं काम बाईंनी आठवणीने केलं होतं. समोर लाल सिग्नल, उजवीकडे फर्निचरचं मोठं दुकान. दुकान ओळखीचं होतं, पण ते पुलाच्या पलीकडे होतं. म्हणजे मधला अख्खा पूल बाईंनी एकटीने पार केला होता.

"छान," सर म्हणाले. "आता न्यूट्रलला घ्या."

"घेतली केव्हाच!" गाडी शिकायला आलेल्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका भलत्याच खुशीत होत्या. "आणि सर, आज तर तुम्ही घोरायचं सोंगसुद्धा केलंत. इतकं हुबेहूब, की मला हसू आवरेना."

सरही हसले. दुसरं काय करणार? शिकाऊ माणूस चुकला तर दाबायला म्हणून शिक्षकाच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो. त्यावरचा सरांचा पाय कधीच घसरून बाजूला पडला होता. बाईंचं लक्ष सिग्नलकडे आहे असं बघून त्यांनी तो हळूच जागेवर आणला.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी त्यांच्या डुलकीला शिकवण्याची पद्धत समजली, आणि तेव्हापासून हे असंच चाललं होतं. सर मुद्दाम डोळे मिटून बसतात, मग आपल्याला आपोआप धीर येतो, अशी त्यांची ख्याती पसरली. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना तर आनंदाचं भरतं आलं. त्यांनी दारावर नवी पाटीच लावली: 'घाबरणाऱ्यांसाठी खास शिक्षक'. शहरातली यच्चयावत घाबरट माणसं सरांच्या वाट्याला आली. सर त्यांना शिकवत, अधूनमधून झोपत, आणि घरी जाऊन बायकोशी धड बोलत नसत.

शेवटी बायकोनेच त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. ती कित्येक महिने उशाशी बसून त्यांचा थांबलेला श्वास परत कधी सुरू होतो याची वाट बघत होती. तपासणी झाली. झोपेत तासाला बत्तीस वेळा श्वास अडतो, म्हणून दिवसा डोळा लागतो, असं निघालं. झोपताना तोंडावर मास्क लावायचा, मशीन हवेचा दाब देत राहतं, घसा मिटत नाही, बस. आणि ते सुरू होईपर्यंत गाडीत बसायचं नाही, असंही डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मालकांना यातलं काही कळलं नाही, कारण सरांनी कळू दिलं नाही. जेवढे विद्यार्थी तेवढाच पगार, असा मालकांचा हिशेब. विमा वगैरे लाड तिथे नव्हते. बाहेरून विमा घ्यायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, दुखणं आधी कागदावर आलं की आम्ही घेत नाही. नवं मशीन चार महिन्यांच्या कमाईला पडत होतं. मग डॉक्टरांनीच एका दुकानाचा पत्ता दिला. परत आलेली मशीनं साफ करून, तपासून, ते महिन्याच्या भाड्याने देत.

मुख्याध्यापिकांना सोडून सर दुपारी तिकडे गेले. दुकान लहानसं होतं. दारात चाकाच्या दोन खुर्च्या, आत काठ्या, वाफेची यंत्रं, कमरेचे पट्टे. काय बोलायचं ते सरांनी वाटेत घोकून ठेवलं होतं.

"साडूंसाठी मशीन हवं होतं," ते म्हणाले. "झोपेतल्या श्वासाचं."

साडू बिचारा काडीसारखा बारीक. टपाल कार्यालयात नोकरी, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सकाळी उठणार. त्याला या कामी जुंपताना सरांना जराही संकोच वाटला नव्हता.

काउंटरमागच्या बाईंनी मान वर केली आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"सर! ओळखलंत का मला?"

सरांनी ओळखलं. दोन वर्षांपूर्वीची ती विद्यार्थिनी हीच.

"बसा ना. अहो, तुम्हाला कल्पना नाही, मी तुमचं नाव किती जणांना सांगते." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "आमच्या घरी मला कुणी गाडीची किल्लीसुद्धा हातात देत नव्हतं. नवरा तर म्हणायचा, तू सायकलच सांभाळ. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून खुशाल डोळे मिटलेत. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस आपल्या भरवशावर इतका निवांत बसू शकतो, तर आपल्याला काय धाड भरलीय? पुढे वर्षभरात हे दुकान घेतलं."

"तुमची तुम्हीच शिकलात," सर म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

"ते असू दे. तुमच्या साडूंकडून मी डिपॉझिट घेणार नाही. भाडंही निम्मं लावीन. डॉक्टरांची चिठ्ठी?"

चिठ्ठी सरांच्या शर्टाच्या खिशात होती. तिच्यावर त्यांचंच नाव होतं.

"घरी राहिली. उद्या आणून देतो. प्रेशर अकरा लिहिलंय."

"चालेल. तुम्ही सांगताय म्हणजे झालं."

हे ऐकून सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठावं आणि सरळ बाहेर पडावं असं वाटलं. पण बाईंनी मागच्या फडताळातून मशीन काढून समोर ठेवलंही होतं. पांढरं, उशीएवढंही नाही. याच्याशिवाय उद्या सकाळी साडेसातला ते पुन्हा त्या सीटवर बसणार होते, आणि शेजारी कोण असेल तेही त्यांना ठाऊक होतं: जुळ्या मुलांची आई, अजून क्लच आणि ब्रेकमध्ये गोंधळणारी.

बाई फॉर्म भरू लागल्या. साडूंचं नाव, वय, वजन. वजन सरांनी स्वतःचं सांगितलं.

"काम काय करतात?"

"ते कशाला लागतं?"

"ड्रायव्हर असतील, क्रेनवर असतील, तर आधी नीट समजावून सांगावं लागतं. या लोकांना दिवसा झोप आवरत नाही हो. बसल्या बसल्या डोळा लागतो, आणि कळतही नाही." त्या लिहिता लिहिता बोलत होत्या. "साडू ऑफिसात असतील तर प्रश्न नाही."

टपाल कार्यालय, एवढंच म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. सरांनी खिशावर हात ठेवला. मग चिठ्ठी काढली, तिची घडी उलगडली आणि काउंटरवर ठेवली.

"गाडी शिकवतात," ते म्हणाले.

पेन थांबलं. बाईंनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. तारीखही वाचली, तीन आठवड्यांपूर्वीची.

"हा त्रास कधीपासून आहे?"

"चारेक वर्षं."

बाहेर कुणीतरी चाकाच्या खुर्चीची किंमत विचारायला डोकावलं आणि उत्तर मिळेना म्हणून निघून गेलं.

"त्या दिवशी मागच्या सीटवर माझी मुलगी होती, सर."

"हो."

"तिला मी मुद्दाम आणलं होतं. आई गाडी चालवते ते बघ म्हणून."

सरांना वर बघवेना. आता मशीन उचलून परत फडताळात जाणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. बाई उठल्या, मागे गेल्या, आणि मास्कचे तीन खोके घेऊन आल्या. मापासाठी एक पुठ्ठ्याची पट्टी त्यांनी सरांच्या नाकाखाली धरली.

"हलू नका."

मधल्या मापाचा मास्क नाकावर बसला. पट्टे डोक्यामागून आले. मशीन सुरू झालं आणि थंड हवा नाकातून सरळ आत गेली. इतकी सहज, की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, मी..." त्यांनी तोंड उघडलं. सगळी हवा तोंडातून भसाभसा बाहेर पडली.

"तोंड मिटा. नाकाने घ्या श्वास," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दुकानातला होता, कुठल्याही गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. "रोज रात्रभर लावायचं. डॉक्टर परवानगी देईपर्यंत गाडीत बसायचं नाही. तुमच्या मालकांना कुणी सांगायचं? तुम्ही सांगताय, की मी फोन करू?"

सरांनी हात वर करून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"आजच," बाई म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. मान हलली तसा मास्क एका बाजूने सुटून हवा डोळ्यात जाऊ लागली. बाईंनी वाकून डावीकडचा पट्टा एक घर घट्ट केला, कडेने बोट फिरवून बघितलं. मग त्या फॉर्मकडे वळल्या, साडूंचं नाव खोडलं आणि चिठ्ठीत बघून वर दुसरं लिहिलं. भाड्याच्या रकान्यात निम्मं भाडं आधीच मांडलेलं होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.