दार असलेली खोली

धनश्रीचा हनिमून चौघांचा ठरला होता.

लग्न झालं २०२० च्या फेब्रुवारीत. तिकिटं एप्रिलची होती आणि मार्चमध्ये देशाला कुलूप लागलं. दिवाळीनंतरचा बेत रात्रीच्या कर्फ्यूने खाल्ला. तिसऱ्या खेपेला कुंदन म्हणाला, आता थेट अंदमान. त्यावर त्याच्या आईने, प्रमिलाबाईंनी, भाजी निवडता निवडता विचारलं, "आनि आम्ही?" या प्रश्नाला खानदेशी घरात एकच उत्तर असतं, आणि कुंदन गुणी मुलगा होता. चार तिकिटं निघाली.

सुरतेच्या गोडादऱ्यातलं त्यांचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीच्या मध्ये पडदा. कुंदन साडी मार्केटात कामाला, त्यामुळे पडदा मात्र रेशमासारखा. छपाईत मोरांच्या माना उलट्या पडल्या म्हणून फुकट मिळालेला. पडद्याच्या अलीकडे सासू-सासरे, पलीकडे नवं जोडपं. पडद्याची कडी खुट्ट वाजली की प्रमिलाबाई झोपेतूनच विचारायच्या, "कोन शे?" वर्षभर घरात चौघांव्यतिरिक्त कोणी आलं नव्हतं, तरी विचारायच्या.

बेटावर उतरायचं तर अठ्ठेचाळीस तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट हवा होता. चौघांतला एक जरी पॉझिटिव्ह निघाला तरी बाकीचे तिघे घरी. विमान बुधवारी सकाळी, म्हणून सोमवारी दुपारी लॅब.

प्रमिलाबाईंची स्वतःची लॅब होतीच. अमळनेरच्या बहिणीने पाठवलेला काळा मसाला रोज सकाळी डब्यासकट प्रत्येकाच्या नाकाखाली जायचा. निरोगी माणूस त्याने दोन पावलांवरून शिंकायचा. शेवटी त्या स्वतः हुंगायच्या आणि जाहीर करायच्या, "समदं घर ठीक शे."

सोमवारी डबा नाकाखाली आला तेव्हा कुंदनच्या वडिलांना, सुपडूला, कसलाही वास आला नाही. काल संध्याकाळी उदबत्तीचाही आला नव्हता, पण उदबत्ती स्वस्तातली असेल अशी त्याने मनाची समजूत घातली होती. त्याने पुन्हा ओढून पाहिलं. नुसती हवा.

"काय व्हयनं? बोला ना."

"हां हां. लवंग मारी रायनी," झणका लागल्यासारखं नाक चोळत सुपडू म्हणाला.

मग प्रमिलाबाईंनी डबा स्वतःच्या नाकाशी नेला, लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ठसका बसना वं माय!" वर पुराव्यादाखल ठसकाही दिला.

गॅसपाशी धनश्रीचा हात भाकरीवर थांबला होता. ती डब्याकडे पाहत राहिली.

"काही जळतंय का?" कुंदन मोरीतून ओरडला.

"शेजारचं व्हई," प्रमिलाबाई म्हणाल्या. जळणारी भाकरी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती.

लॅबबाहेर रांग होती. सुपडू काचेच्या दाराच्या आत, बाकावर. चाळीस वर्षं त्याने कापड विणायचे लूम चालवले, पुढे लूम दुरुस्त केले. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात, आणि खात्यात बोलणं ऐकू येत नाही, दिसतं. चोवीस लूमच्या खडखडाटात दोन रांगा पलीकडचा माणूस ओठ हलवतो आणि इकडचा हसतो. सुपडूचे कान त्या खडखडाटातच गेले, पण ओठांवर त्याचं सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग मास्क आले आणि तो एका दिवसात ठार बहिरा झाला. घरात याबद्दल फारशी तक्रार नव्हती.

धनश्रीचं नाकात काडी घालणं उरकलं होतं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून कडोदऱ्याला, माहेरी, आईशी फोनवर बोलत होती. टेम्पोंचा गोंगाट होता म्हणून तिने मास्क हनुवटीखाली ओढला होता. काचेतून आवाज जात नाही, तेव्हा ती निर्धास्त होती. सासऱ्याला आवाजाची गरज नसते, हे वर्षभरात सगळेच विसरले होते.

सुपडूला पाहायचं नव्हतं. पण वाचता येणाऱ्याला पाटी वाचायची की नाही हे ठरवता येत नाही.

"आई, मसाला मी कालच सामानात बांधला," धनश्रीचे ओठ म्हणाले. "डबा रिकामा झाला म्हणून त्यात चहाची भुकटी भरली. नाना म्हणाले लवंग. सासूबाई म्हणाल्या ठसका. दोघांच्या नाकाला काही कळत नाहीये."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही. कुणालाच नाही सांगितलं." ती थांबली. "आई, पाच दिवस गं. पाच दिवस दार असलेली खोली. आतून कडी लागते अशी. मला नको ना सांगायला लावू."

मग तिने मास्कने डोळे पुसले.

सुपडू बाकावर बसूनच हिशेब मांडू लागला. कुंदन म्हणाला होता, कधी कधी ही टेस्ट चुकते. चुकून निगेटिव्ह आली तर? मग विमान, तीनशे माणसं, आणि पलीकडे समुद्राच्या मधोमध एखादं इस्पितळ. काही बरंवाईट झालं तर ही पोर जन्मभर म्हणणार की मला ठाऊक होतं. धागा तुटला की लूम थांबवायचा असतो, मालक कितीही शिव्या देवो. नाहीतर खोट पुढच्या शंभर मीटर कापडात शिरते. पण थांबवला, तर पोरीचे पाच दिवस गेले. आणि थांबवायचा कुणी, तर तिने नव्हे.

"सुपडू चौधरी!"

प्रमिलाबाईंनी कोपराने ढोसलं. टेबलामागच्या बाईंनी मास्कमधून काहीतरी विचारलं. सुपडूला फक्त कापड हललेलं दिसलं. प्रमिलाबाईंनी सवयीने उत्तर दिलं, "ताप नही, खोकला नही, काही नही त्यासले." बाईंनी फॉर्मवर खूण करायला पेन टेकवलं.

"पप्पा, चालो ने, जल्दी," कुंदन मागून म्हणाला. तो घड्याळात तास मोजत होता.

सुपडू उठला, पण काडीकडे गेला नाही. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"माले वास येत नही!" बहिरा माणूस बोलतो तसं तो बोलला, म्हणजे रस्त्यापर्यंत. "कालपासून! हिलेबी येत नही!"

रांग तीन पावलं मागे सरकली.

"डोकं फिरनं का तुमनं?" प्रमिलाबाई मास्क खाली ओढून कडाडल्या. "सकाळी लवंग कोन हुंगत व्हतं?"

"चहा व्हती ती."

"तुमले कोनी सांगं?"

काचेचं दार उघडून धनश्री आत आली होती. तिचा मास्क अजून हनुवटीखाली होता. सुपडूने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. तिचा हात हळूच वर गेला आणि तिने मास्क थेट डोळ्यांपर्यंत ओढला.

"कोनी नही सांगं," सुपडू बायकोला म्हणाला. "कान गयात, डोया शेतस ना अजून. डबा मी पाह्यना."

मंगळवारी रिपोर्ट आले. म्हातारे दोन्ही पॉझिटिव्ह, तरुण दोन्ही निगेटिव्ह. कुंदनने तिकिटं रद्द केली आणि बॅगेतून काळा मसाला परत काढला. धनश्रीने तो डब्यात भरला. चहाच्या भुकटीबद्दल तिला कोणी काही विचारलं नाही.

कॉर्पोरेशनच्या बाई आल्या. "पेशंटला वेगळी खोली आहे का?"

"नाही ना," कुंदन म्हणाला.

बाईंचं पडद्याकडे गेलेलं बोट आणि कुंदनची हललेली मान पाहून सुपडूने कनवटीची किल्ली काढली. गल्लीच्या पलीकडचं खातं मालकाने लूम विकून बंद केलं होतं आणि राखणीला सुपडूला ठेवलं होतं. वरच्या मजल्यावर कारागिरांच्या दोन खाटा होत्या. म्हातारा-म्हातारी तिकडे गेली. दोन्ही दारांवर कागद लागले: चौदा दिवस कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही.

चौथ्या दिवशी प्रमिलाबाईंचा ऑक्सिजन एक्क्याण्णव झाला. ती दुपार सुपडू त्यांच्या बोटावरच्या आकड्याकडे बघत बसला, आणि समोरच्या खिडकीत कुंदन आणि धनश्री त्याच्याकडे बघत उभे होते. अँब्युलन्सचा नंबर लावून तयार. एक्क्याण्णव. बराच वेळ एक्क्याण्णव. मग ब्याण्णव. संध्याकाळी पंच्याण्णव झाल्यावर सुपडूने खिडकीतून बोटांनी आकडा दाखवला, तेव्हा धनश्रीने तोच आकडा बोटांनी दोनदा परत विचारून घेतला.

नवव्या दिवशी तिन्हीसांजेला सुपडू खिडकीशी उभा होता. समोर धनश्री स्टुलावर चढून काहीतरी बांधत होती. उलट्या मानांचे मोर. खोलीच्या मधला पडदा काढून ती आता तो खिडकीला लावत होती.

तिने त्याला पाहिलं. मग मास्क खाली केला आणि आवाज न करता, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "नाना, काही हवं का?"

सुपडूनेही ओठच हलवले, "कडी लागस का?"

धनश्री आधी लाजली, मग हसली. मान डोलावली. मग ओठ म्हणाले, "आता पाठ फिरवा."

सुपडूने लगेच पाठ फिरवली.

"काय म्हननी ती?" खाटेवरून प्रमिलाबाईंनी विचारलं.

"काही नही," सुपडू म्हणाला. "समुद्र चांगला शे म्हनस."