फादरचे नाव

सुझानने मुलीचा भांग तिसऱ्यांदा मोडला आणि ओल्या फणीने पुन्हा सरळ रेघ पाडली. मग तिने स्वतःच्या नाकावर बोट ठेवले.

"व्हॉट इज धिस?"

"नोज."

"अँड धिस?"

"इअर. मम्मी, केस ओढू नको ना."

पाच वर्षांच्या अँजेलिनाने दोन महिन्यांत रंग, फळे, सहा प्राणी आणि एक प्रार्थना इंग्रजीतून पाठ केली होती. वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलांना काय काय विचारतात, याची यादी सुझानने शेजारच्या थेरेसाकडून उतरवून आणली होती. त्या यादीतला एकच प्रश्न तिने घोटून घेतला नव्हता. बापाचे नाव काय, हे का कुणाला शिकवावे लागते?

सासूबाई, म्हणजे रेजिनाबाई, लाल चौकड्यांचे लुगडे नेसून केव्हाच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या. बोळिंजच्या त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर केळीचा घडही उतरत नसे. कॉन्व्हेंटला त्यांनी परवानगी दिली होती, पण एकदाच.

"जमलं तर जमलं. नाय तर देवळामागची मराठी शाळा. माजा मार्सेल तिथंच शिकला." चर्चला त्या देऊळच म्हणत.

मार्सेलचे पत्र सुझानच्या पर्समध्ये होते. तीन वर्षांपूर्वी तो कुवेतला गेला, तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. मध्ये एकदाही त्याचे येणे झाले नव्हते. मे महिन्यात त्याचा करार संपत होता. 'इंग्लिश शाळेत नंबर लागला की लगेच तार कर,' त्याने लिहिले होते. 'मग मी आणखी तीन वर्षे इथेच राहीन. त्याशिवाय ती शाळा आपल्याला झेपायची नाही.'

एस.टी.त रेजिनाबाईंनी नातीकडे नीट निरखून पाहिले.

"पोर शाळेत चाललीय का लग्नाला? किती ती पावडर!"

सुझानने रुमाल काढला. त्याच्या टोकाने ती पावडर पुसू लागली.

मुख्याध्यापिका सिस्टर मंगळूरकडच्या होत्या. गेल्याच वर्षी वसईत आल्या होत्या. मराठी त्या थांबत थांबत बोलत. त्यांनी चित्रांचे पुस्तक उघडले. अँजेलिनाने पोपटाला पॅरट म्हटले, सशाला रॅबिट म्हटले, आणि न विचारताच प्रार्थनाही म्हणून दाखवली. सुझानच्या मुठीतला रुमाल हळूहळू सैल झाला.

"व्हेरी गुड. अँड व्हॉट इज युअर फादर्स नेम?"

"फादर सिप्रियन," अँजेलिना खणखणीत आवाजात म्हणाली.

सिस्टरांचे पेन थांबले. त्यांनी फॉर्मवर मार्सेलचे नाव वाचले आणि मग मान वर करून सुझानकडे पाहिले. सुझानच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडले, परंतु दोन महिन्यांत मुलीला शिकवलेल्या इंग्रजीतले एक अक्षरही तिला आठवेना.

रेजिनाबाई खुर्चीतून उठल्या.

"सिस्टर, पोरीचं काय चुकलं? आमच्या गावात फादर एकच. तो देवळात ऱ्हातो. घरात असतो तो पापा. तुमी सवाल नीट विचारा."

"आय!" सुझानने त्यांचा पदर ओढला.

सिस्टर हसल्या. "बरोबर. चूक माझी." टेबलावर पुढे झुकून त्यांनी मराठीत विचारले, "तुझ्या पापांचं नाव काय, बाळ?"

रेजिनाबाई समाधानाने खाली बसल्या. अँजेलिनाने एकदा आजीकडे पाहिले, एकदा आईकडे.

"कुवेत," ती म्हणाली.

सिस्टरांनी पुन्हा फॉर्मकडे पाहिले. आपले बोलणे कोणालाच समजले नाही असे वाटून मुलगी समजावून सांगू लागली.

"कुवेतचं पत्र येतं ना, ते. कुवेतनं मला हा फ्रॉक पाठवला. मम्मी म्हणते, थांब, कुवेतला विचारते."

लुगड्याच्या काठावर नसलेली धूळ रेजिनाबाई बोटांनी झटकत राहिल्या.

सिस्टरांनी फॉर्मवर काहीतरी लिहिले. "मुलगी हुशार आहे. आम्ही घेऊ तिला. सोमवारी येऊन नाव पक्कं करा."

हेच वाक्य ऐकण्यासाठी सुझानने दोन महिने जिवाचे रान केले होते. बाहेर आल्यावर तिने पर्स उघडली, पत्राला हात लावला आणि पर्स पुन्हा मिटली. रेजिनाबाई पुढे चालत होत्या. एस.टी. स्टँडचा रस्ता सोडून त्या पोस्टाकडे वळल्या.

तारेच्या खिडकीशी सुझानने फॉर्म घेतला. मार्सेलचा पत्ता तिने न अडखळता लिहिला. मजकुराच्या जागेवर येताच तिचा हात थबकला. नंबर लागल्याचे इंग्रजी शब्द स्पेलिंगसकट तिला केव्हापासून पाठ होते.

"काय लिवलंस?" मागून रेजिनाबाईंनी विचारले.

"पत्ता."

"सुझान."

"काय, आय?"

"घरी ये, ह्याला इंग्लिशमधी काय म्हणतात?"

सुझानने वळून पाहिले. सासूबाई तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर खिडकीच्या गजांवर होती.

"कम होम."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग लिव."

"आणि सोमवारी, आय?"

"सोमवारी सिस्टरला मी भेटते. देवळामागची शाळा हायच."

सुझानने लिहिले. फॉर्म आत सरकवला. क्लार्कने चष्मा वर करून मजकूर मोठ्याने वाचला, "कम होम. दोनच शब्द?"

"दोनच," रेजिनाबाई म्हणाल्या.

खाली फरशीवर अँजेलिना एका पायावर उड्या मारू लागली होती. "कम होम, कम होम," प्रत्येक उडीला ती म्हणत होती. हे शब्द थेरेसाच्या यादीत नव्हते, आणि ते कोणी तिच्याकडून एकदाही घोटून घेतले नव्हते.