नववी फेरी

"मॅडम, ती बारा हजार रोपं देऊ नका."

चारुलता मॅडमचा पावतीवर सही करणारा हात थांबला. केळीची रोपं तयार करणारी ही प्रयोगशाळा मालकांच्या वतीनं त्या चालवत, आणि कोकिळा तिथं अकरा वर्षं कोंब कापायच्या टेबलावर होती. बाहेर शिरपूरकडचे शेतकरी झिपरूआबा ती रोपं न्यायला गाडी घेऊन आले होते.

"का गं? काय झालं?"

"आठच्या जागी नऊ फेऱ्या झाल्यात. चूक माझी आहे."

बरणीतला कोंब कापायचा, तुकडे नव्या बरण्यांत लावायचे, ही एक फेरी. दर फेरीला नव्या झाकणावर एक रेघ जास्त. आठ रेघा झाल्या की कापणं बंद. असं का, ते मॅडमनीच शिकवलं होतं. कोंब वाढतो म्हणजे पेशी आपली नक्कल करते. डीएनएचे दोन धागे सुटे होतात. काही प्रथिनं ते परत चिकटू नयेत म्हणून धरून ठेवतात, काही समोर नवा धागा विणतात, काही चुका तपासतात. इतके राखणदार असूनही एखादी चूक निसटतेच, आणि पुढच्या प्रत्येक नकलेत तीच उतरते. कोकिळा दहावी नापास होती, पण हे तिला चांगलं समजलं होतं.

फाल्गुनात तिची आई गेली. बाराव्याच्या दुसऱ्याच दिवशी ती कामावर आली आणि मान वर न करता कापत राहिली. त्या दिवशी ती जास्तीची रेघ ओढायची राहिली, म्हणून त्या बरण्यांतले कोंब पुढे एकदा जास्त कापले गेले. काल आईचं चौथं मासिक घालताना तिनं मागचे दिवस मोजले, तेव्हा कुठे हे ध्यानात आलं.

"बिघडलेले घड लागेपर्यंत कुणाला कळलंही नसतं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"तोवर त्यांचं वर्ष गेलं असतं."

"मालक तुला त्या टेबलावर ठेवणार नाहीत, कोकिळा. बरण्या धुवायला बसवतील."

"बसेन."

म्हणाली खरी. माहेरी, सासरी ती मोठ्या तोऱ्यानं सांगायची, मी प्रयोगशाळेत आहे.

शेडमध्ये झिपरूआबा रांगांमधून फिरत होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी एक रोप उचललं, पानं उलटीसुलटी करून पाहिली. त्यांना तर सगळीच रोपं चांगली दिसत होती.

"मन्हं वावर तयार शे, बेटा. आनि माले त बठ्ठा चांगलाच दिखतस."

"मालेबी चांगलाच दिखतस, आबा," कोकिळा म्हणाली. त्यांच्या हातातलं रोप तिनं अलगद काढून घेतलं आणि ती शेडमागच्या, खराब रोपं टाकायच्या खड्ड्याकडे चालू लागली.